मागून लागणारं इंजिन

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मुंबईहून पुण्याला रेल्वेनं गेलेल्या माणसाला कर्जतचा थांबा वेगळा सांगावा लागत नाही. गाडी काही मिनिटं उभी राहते. वडेवाले खिडक्यांशी येतात, आपण सुटे पैसे शोधत असतो आणि तेवढ्यात मागच्या बाजूनं एक हलकासा धक्का जाणवतो. हा धक्का असतो जादा इंजिनांचा. कर्जतला ती गाडीच्या शेपटीला जोडतात. रेल्वेची माणसं त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढे बोरघाट आहे. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा त्याचा चढ. आगगाडीसाठी हा चढ फारच मोठा. पुढचं इंजिन कितीही दमदार असलं तरी भरलेली लांब गाडी त्याला एकट्यानं वर नेता येत नाही. म्हणून मागून ढकलायचं. घाट चढून गाडी लोणावळ्याला लागली की ही इंजिनं सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली येतात.

मी पळसदरीचा. कर्जतनंतरचं हे पहिलं स्टेशन. इथून एक फाटा खोपोलीकडे जातो आणि मुख्य मार्ग घाटाला लागतो. पुण्याकडच्या मोठ्या गाड्या आमच्यासमोरून जातात, पण आमच्यासाठी थांबते ती खोपोलीची लोकल. एक लोकल चुकली की पुढची लवकर येत नाही. या दोन प्रकारच्या गाड्या रोज पाहता पाहता एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. तरुण मुलांना शहराशी जोडून देणं आणि त्यांना संधी देणं, या दोन गोष्टी आपण एकच समजतो. त्या खरंच एक आहेत का?

हा प्रश्न आज जगात सर्वांत मोठ्यानं विचारला जातो तो आफ्रिकेत. त्या खंडातली जवळजवळ निम्मी माणसं विशीच्या आतली आहेत. आपण भारताला तरुणांचा देश म्हणतो, पण आपल्याकडे ही मधली रेघ अठ्ठावीस वर्षांच्या आसपास पडते. आफ्रिकेतली ही तरुण पिढी झपाट्यानं शहरांकडे निघाली आहे. लागोस, किन्शासा, नैरोबी, अदिस अबाबा ही शहरं दर वर्षी फुगत आहेत.

त्यांतल्या नैरोबीचं मला विशेष अप्रूप वाटतं, कारण तिचं आणि आमचं कूळ एक आहे. मोंबासा बंदरातून आत जाणारी रेल्वे बांधायला १८९६ साली सुरुवात झाली. त्या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेण्यात आले, बहुतेक पंजाबकडचे. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. १८९९ साली रूळ एका पाणथळ माळावर येऊन पोचले. पुढे मोठा चढ होता. चढाला लागण्याआधी सामान, इंजिनं आणि माणसं ठेवायला सपाट जागा हवी होती, म्हणून तिथे तळ पडला. त्या तळाचं पुढे नैरोबी शहर झालं. कर्जतचंही असंच. चढाच्या पायथ्याशी गाडी थांबते, आणि गाडी थांबते म्हणून वस्ती वाढते.

याच केनियात २००७ साली ‘एम-पेसा’ नावाची सोय सुरू झाली. पेसा म्हणजे स्वाहिली भाषेत पैसा. बँकेत खातं नसलं तरी साध्या फोनवरून गावाकडे पैसे पाठवता येऊ लागले. नैरोबीत पहारा करणारा, हमाली करणारा तरुण आईला घरखर्च पाठवू लागला. आपल्याकडे मनीऑर्डरनं जे केलं, ते तिथे फोननं केलं. तिथे ‘चामा’ नावाचे बचतीचे गटही आहेत. दहा-पंधरा जणांनी दरमहा ठरावीक रक्कम काढायची आणि पाळीपाळीनं एकेकानं उचलायची. आपल्या भिशीचंच हे भावंड.

मग तिथले तरुण सुखी झाले का? २०२४ च्या जून महिन्यात त्याच फोनवरून एकमेकांना हाक देत हजारो मुलं नव्या करांच्या विधेयकाविरुद्ध रस्त्यावर उतरली. गोळीबार झाला, माणसं मेली, जमाव संसदेत शिरला. शेवटी राष्ट्राध्यक्षांना ते विधेयक मागे घ्यावं लागलं. कर हे तर निमित्त होतं. हातात फोन आहे, खिशात पदवी आहे आणि काम मात्र नाही, अशा मुलांची संख्या तिथे फार वाढली होती. फोननं त्यांना सगळं जग दाखवलं, त्या जगात शिरायचा दरवाजा काही दाखवला नाही.

आता आपल्याकडे पाहू. मुंबई-ठाणे पहिली गाडी धावली १८५३ साली आणि पळसदरीवरून खोपोलीपर्यंत रूळ आले १८५६ साली. म्हणजे अवघ्या तीन वर्षांत आम्ही जोडले गेलो. १८५८ मध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट अजून बांधून व्हायचा होता. तेव्हा प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखीतून, तट्टावरून नाहीतर गाडीतून घाट चढून पुन्हा रेल्वेत बसत. १८६३ मध्ये घाटातले रूळ पुरे झाले आणि ही वर्दळ थांबली. पालख्या खांद्यावर वाहणारे, तट्टू हाकणारे त्या दिवसानंतर कुठे गेले, याची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही. घाट फोडताना मेलेल्या हजारो मजुरांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

पुढची गोष्ट विजेची. लोणावळ्याकडच्या तलावांत सह्याद्रीचा पाऊस साठवून, तो मोठ्या नळांतून खाली सोडून, टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज तयार केली. ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना गेली. फार मोठं काम होतं ते, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण ज्यांच्या डोक्यावरून त्या तारा गेल्या, त्या ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्यांवर पुढे कितीतरी दशकं रॉकेलचीच चिमणी होती. रूळ जवळून गेले, वीज वरून गेली. आम्ही सगळ्याशी जोडलेले होतो, आणि तरीही होतो तिथेच होतो.

आज तर काय, कर्जत-खोपोली मुंबई महानगर प्रदेशातच मोडतात. पनवेलहून कर्जतला उपनगरी गाड्यांसाठी नवा दुहेरी मार्ग हाती घेतला गेला आहे. प्रत्येक पोराच्या हातात स्मार्टफोन आहे. पावसाळ्यात मुंबईची मुलं धबधब्यावर येतात आणि आमची मुलं त्यांच्या गाड्या लावायला जागा दाखवतात. जमिनी विकल्या गेल्या, त्यावर फार्महाऊस उठली. ज्या शेतात बापानं भात लावला, त्याच जागेच्या फाटकावर मुलगा राखणदार म्हणून उभा आहे, असं चित्र आमच्याकडे कुणालाही दाखवता येईल. कोणतंच काम हलकं नसतं, हे खरंच. पण विशीतल्या मुलाला त्याखेरीज दुसरं काही दिसतच नसेल, तर ती त्याची निवड म्हणता येत नाही.

माझ्या ओळखीच्या दोन मुलांविषयी सांगतो. नावं सांगत नाही.

एक मुलगा. घरातला बारावी पास होणारा पहिला. नंतर आयटीआय केलं. नवी मुंबईकडे एका कारखान्यात काम लागलं. वाडीवर पेढे वाटले. पहाटेची लोकल, कर्जतला गाडी बदलायची, पुढे आणखी एकदा बदलायची, वर शेअर रिक्षा. जाऊन-येऊन सहा तास. रात्रपाळी लागली की परतीला गाडी नाही. खोली घ्यायची तर अनामत रक्कम हवी, आणि पहिला पगार हातात यायला दीड महिना. त्या दीड महिन्यात खायचं काय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा उशीर झाला, दोनदा झाला, वरचा साहेब बोलला. चौथ्या महिन्यात पोरगा घरी आला तो परत गेलाच नाही. लोक म्हणाले, “ह्यांना काम नकोच असतं.” मी त्याला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “चाचा, काम जमत होतं. बाकीचं जमलं नाही.”

दुसरी एक मुलगी, पलीकडच्या वाडीवरची. तिला नर्सिंग करायचं होतं. स्टेशनाजवळ राहणाऱ्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी तिचा अर्ज भरून दिला, जातीच्या दाखल्यासाठी तिच्याबरोबर दोनदा तहसील कचेरीत गेले. शिक्षण झालं आणि कल्याणला एका दवाखान्यात नोकरी मिळाली. काकांची बहीण कल्याणला राहायची. काका म्हणाले, “पोरी, पहिले सहा महिने आत्याकडे राहा. मग तुझं तू बघ.” ती मुलगी सहा महिने राहिली, मग आणखी दोघींबरोबर तिनं भाड्यानं खोली घेतली. आता तिची धाकटी बहीण तिच्याकडे राहून शिकते आहे.

त्या मुलात आणि या मुलीत हुशारीचा फरक नव्हता. कष्टाचाही नव्हता. दोघांना गाडी एकच, स्टेशन एकच, दोघांकडे फोनही सारखाच. फरक होता तो सहा महिन्यांच्या निवाऱ्याचा आणि बरोबर येणाऱ्या एका माणसाचा. घाटाचा चढ दोघांनाही तेवढाच होता. एकीला मागून इंजिन लागलं, दुसऱ्याला लागलं नाही.

काही गाड्यांना हे मागचं इंजिन लागत नाही, हेही सांगायला हवं. २०२३ साली सुरू झालेली मुंबई-सोलापूर ‘वंदे भारत’ असाच घाट जोड-इंजिनाशिवाय चढते, कारण तिच्या कितीतरी डब्यांच्या खाली मोटरी बसवलेल्या आहेत. घरात वडील शिकलेले, मामा अधिकारी, काकांचा फ्लॅट ठाण्याला, अशा घरातला मुलगा या गाडीसारखा असतो. त्याच्या डब्याडब्यात जोर आहे. त्यात त्याचा दोष नाही. पण त्यानं बाकीच्या गाड्यांना “मी चढलो, तुम्हाला काय झालं?” असं विचारू नये.

हे मागचं इंजिन महाराष्ट्राला नवीन आहे का? मुळीच नाही. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या आठवा. रत्नागिरी, सातारा, कुलाबा जिल्ह्यांतून आलेला माणूस परळ-लालबागला उतरला की आपल्या गावाच्या खोलीवर वळकटी टाकायचा. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जण पाळ्यांप्रमाणे झोपायचे. तिथेच गावचं मंडळ, तिथेच भिशी, जेवण खानावळवाल्या मावशीकडे, पैसे पगार झाल्यावर. गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवून द्यायला गावचाच कुणी जॉबर. त्या खोल्या काही स्वर्ग नव्हत्या. कोंदट होत्या, आणि जातीप्रमाणे वेगवेगळ्याही होत्या. पण शहरात पाय ठेवणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी सांगायला पत्ता होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, हळूहळू त्या खोल्याही गेल्या. त्यांची जागा घेणारं काही आपण उभं केलं नाही.

त्याआधी मोठ्या माणसांनी हेच काम जाणून-बुजून केलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी शाळा काढल्याच, पण खेड्यातला मुलगा शाळेपर्यंत पोचला तरी कोल्हापुरात राहणार कुठे, हा प्रश्न त्यांनी आधी ओळखला. १९०१ पासून त्यांनी एकामागून एक वसतिगृहं उभी केली. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापून मुसलमान मुलांचीही सोय केली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली आणलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरू लागले. या तिघांच्या कामांत मला एक समान गोष्ट दिसते. “संधी आहे, या आणि घ्या,” असं म्हणून ते थांबले नाहीत. मुलाला ती घेताना काय अडतं, हे त्यांनी पाहिलं. कुठे जेवण अडत होतं, कुठे झोपायची जागा, कुठे वेळ.

आज काय अडतं? खोली अडते. आणि खोली मागायला गेलं की भाड्याच्या आधी आडनाव विचारलं जातं. हे मला कुठल्या अहवालात वाचावं लागत नाही. माझं नाव ऐकून “मराठी किती छान बोलता” म्हणणारी माणसं मला आयुष्यभर भेटली आहेत. मी हसून सांगतो की माझी आई याच भाषेत भांडायची. पण त्याच नावाचा विशीतला मुलगा बदलापूरला किंवा पनवेलला खोली पाहायला जातो, तेव्हा ती खोली कालच गेलेली असते. कातकऱ्याच्या मुलाचीही हीच गत. संधीच्या गप्पा मारताना आपण नोकऱ्या मोजतो. बंद झालेली दारंही मोजली पाहिजेत.

आफ्रिकेचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. सोळाव्या शतकात इथिओपियातल्या एका पोराला गुलाम म्हणून विकलं गेलं. बगदादवरून विकत विकत तो अहमदनगरच्या निजामशाहीत आला. तिथल्या पेशव्यानं, चंगीजखानानं, त्याला आपल्या पदरी घेतलं. हा चंगीजखान स्वतःही हबशी होता आणि गुलामीतूनच वर आला होता. त्याच्या हाताखाली तो पोरगा राज्यकारभार शिकला, मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा झाला आणि स्वतःच्या हिमतीवर वाढत गेला. तो मलिक अंबर. त्यानंच १६१० साली खडकी वसवली. पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर ते हेच. शहराला पाणी पुरवणारी नहरही त्याचीच. एक आफ्रिकी पोरगा मराठी मुलखात येऊन शहर वसवतो. त्यात त्याची कर्तबगारी होतीच, पण आधी चढून गेलेल्या एका माणसानं खाली वळून पाहिलं होतं, हेही विसरता येत नाही.

आता सरकार काही करत नाही का? करतं. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना सहा हजार, आयटीआय आणि पदविकावाल्यांना आठ हजार, पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा महिन्यांची झाली. कामाची ओळख व्हावी, हा हेतू चांगला. पण मुदत संपल्यावर पुढे काय, असं विचारत ही मुलं मोर्चे काढू लागली. बँकर इंजिन घाट संपल्यावर सोडायचं असतं. मध्येच, मंकी हिलच्या बोगद्याशी सोडलं, तर गाडी आपल्या वजनानं मागे येते. योजना आखणाऱ्यांनी घाटाची लांबी आधी मोजायला हवी.

शिकणाऱ्यांसाठी वसतिगृहं आहेत, कमी असली तरी आहेत. पण शेवटची परीक्षा झाली की मुलाला ते सोडावं लागतं. नोकरीचं पहिलं वर्ष मात्र त्याच्यासाठी सर्वांत अवघड असतं, आणि त्या वर्षासाठी आपल्याकडे फारसं काही नाही. कल्याण, ठाणे, पनवेल अशा ठिकाणी पहिल्या वर्षाच्या कामगार मुलामुलींसाठी, आडनाव न विचारणारी, परवडणारी वसतिगृहं नगरपालिकांनी आणि उद्योगांनी मिळून काढावीत. मुलींसाठी तर आधी काढावीत, कारण शेवटच्या गाडीच्या वेळेवर त्यांची नोकरी ठरते. खोपोली फाट्यावरच्या लोकलची वेळ कारखान्यांच्या पाळ्यांशी जुळवावी. ही मागणी काही फार मोठी नाही.

आणि जे सरकारशिवाय होण्यासारखं आहे, ते आपण करावं. गावात भिशी असतेच. तिच्यातला एक हप्ता दर वर्षी एका मुलाच्या पहिल्या दीड महिन्यासाठी बाजूला काढता येईल. रेल्वेचा पास, एक जोडी बूट, खोलीची अनामत आणि डबा, एवढ्यासाठीच तो लागतो. पगार सुरू झाला की त्यानं तो परत करावा, म्हणजे पुढच्याला मिळेल. मशिदीत, मंदिरात, बुद्धविहारात, आठवड्यातून एक संध्याकाळ गावातल्या नोकरदार माणसांनी बसावं. अर्ज कसा भरायचा, मुलाखतीला काय विचारतात, पगाराच्या कागदावर काय लिहिलेलं असतं, हे पोरांना सांगावं. हे ऐकायला फार किरकोळ वाटतं. पण त्या मुलाची नोकरी अशाच किरकोळ गोष्टींवर गेली.

आज माझं बोलणं ऐकणाऱ्यांत असे पुष्कळ जण असतील, की ज्यांना शहरात पहिल्या दिवशी कुणीतरी जागा दिली, कुणाच्या तरी ताटात ते जेवले. ते माणूस आता हयात असेल किंवा नसेल. त्याचे उपकार त्याला परत करता येत नाहीत, ते पुढच्यालाच द्यावे लागतात. बारावीचे आणि आयटीआयचे निकाल लागले, की आपल्या गावातल्या, आपल्या वाडीतल्या एका मुलाचं किंवा मुलीचं नाव मनात धरा आणि एक वर्ष त्याची चौकशी करत राहा. कामाला गेलास का, जेवलास का, झोपायला जागा आहे का. तीन प्रश्न आहेत. विचारायला फोन आपल्या सगळ्यांकडे आहेच.